रंगमंचावरून पडद्यावर : काय पोहोचते, काय मागे राहते

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मुंबईच्या कापडधंद्याचा इतिहास शिकवताना १९८२ च्या गिरणी संपाचा विषय निघतो. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना आधी एक प्रश्न विचारतो : या संपाविषयी तुम्हांला काय ठाऊक आहे? पूर्वी उत्तरे घरातून येत. कोणाचे आजोबा साचेखात्यात होते, कोणाच्या आजीने संपाच्या दिवसांत खानावळ चालवून घर सांभाळले होते. अलीकडे उत्तर बहुधा एकच येते : ‘सर, आम्ही पिक्चर पाहिला आहे.’ हा पिक्चर म्हणजे महेश मांजरेकर यांचा २०१० सालचा ‘लालबाग परळ’. त्यावरून विद्यार्थ्यांच्या मनात संपाचे जे चित्र उमटले आहे त्यात पिस्तुले आहेत, टोळीयुद्ध आहे, विलासी गिरणीमालक आहे. हा चित्रपट जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकावर आधारलेला आहे, हे मात्र गेल्या वर्षी साऱ्या वर्गात एकालाही ठाऊक नव्हते.

यात विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ‘अधांतर’ १९९७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा ही मुले जन्मलीही नव्हती. नाटकाचा प्रयोग पडदा पडला की संपतो. चित्रपट मात्र पंधरा वर्षांनंतरही हातातल्या फोनवर सापडतो. म्हणजे नाटकाचा चित्रपट होतो तेव्हा एका कलाकृतीतून दुसरी निर्माण होते एवढेच घडत नाही. पुढच्या पिढीच्या दृष्टीने दुसरी कृती पहिलीची जागाच घेते. म्हणून असे रूपांतर कितपत साधते हा प्रश्न केवळ रसिकांच्या चर्चेपुरता राहत नाही. या शहराची आठवण कोणत्या रूपात शिल्लक राहणार, याच्याशी त्याचा संबंध येतो.

गिरगावातले जुने नाते

वस्तुतः आपल्याकडे चित्रपटाचा जन्म नाटकाच्याच घरात झाला. १८ मे १९१२ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला. रामराव कीर्तिकर यांच्या नाटकाचे ते कॅमेऱ्याने केलेले चित्रण होते. जवळजवळ एका वर्षाने, ३ मे १९१३ रोजी, त्याच कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान त्याला मिळाला. ‘पुंडलिक’ला तो मान नाकारताना जी कारणे दिली जातात त्यांतील एक असे, की तो चित्रपट नव्हे, चित्रित केलेले नाटक होते. आपण आज ज्या प्रश्नाची चर्चा करीत आहोत तो, म्हणजे, पहिल्याच वर्षी गिरगावात उभा राहिला होता. नाटकासमोर कॅमेरा ठेवल्याने चित्रपट होतो काय? त्या काळच्या मुंबईने ‘नाही’ असे उत्तर दिले, आणि ते बरोबरच होते.

चित्रपट बोलू लागला तेव्हाही तो नाटकाच्याच आधाराने बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झालेला ‘आलम आरा’ जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकावर आधारलेला होता. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्यात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत या दोन्ही बाजू संगीत रंगभूमीवरच्या गोविंदराव टेंब्यांनी सांभाळल्या. चित्रपटाने नाटकाकडून कथा घेतल्या, नट घेतले, गाणी घेतली, आणि शेवटी जागाही घेतल्या. ग्रँट रोडजवळच्या ज्या भागाला लोक ‘पिला हाउस’ म्हणत, ते नाव म्हणजे ‘प्ले हाउस’चा अपभ्रंश, पण नावातले नाटक तसेच राहून तेथली नाटकगृहे एकामागून एक चित्रपटगृहे झाली.

या देवघेवीत सर्वांत बोलके उदाहरण बालगंधर्वांचे आहे. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते, संस्था त्या काळातली अग्रगण्य होती आणि नट मराठी माणसाच्या गळ्यातला ताईत होता. तरीही हे नाते टिकले नाही आणि बालगंधर्व रंगभूमीकडे परतले. त्यांच्या कलेचे मर्म प्रेक्षकाशी असलेल्या एका करारात होते. समोर पुरुष आहे हे ठाऊक असूनही प्रेक्षक त्याला भामिनी मानीत असे, आणि मानण्याचे ते काम दोन्ही बाजूंनी मिळून चालत असे. कॅमेरा असा करार करीत नाही. त्याला जे दिसते तेच तो दाखवतो.

प्रयोग आणि प्रत

माझा विषय अर्थशास्त्र असल्यामुळे या प्रश्नाच्या एका बाजूकडे माझे लक्ष साहजिकच जाते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगरूप कलांच्या अर्थव्यवहारावर एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा सोपा होता. कारखान्यात यंत्र आले की एका कामगाराच्या हातून पूर्वीपेक्षा अधिक कापड निघते. पण चार वादकांनी वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढा वेळ घेत असे तेवढाच आजही घेते, आणि आजही तिला चारच वादक लागतात. वेतने सर्वत्र वाढत असताना कलेची उत्पादकता वाढत नाही; म्हणून प्रयोगाचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत सतत चढत राहतो.

आपल्या नाटकांना हे तंतोतंत लागू पडते. शिवाजी मंदिरात आठशे-हजार माणसे बसतील. त्या दिवशीचा गल्ला त्यांच्याकडूनच यायचा. उद्या पुन्हा नेपथ्य लावायचे, पुन्हा नटांची नाइट द्यायची, पुन्हा शून्यापासून आरंभ करायचा. चित्रपटाचे गणित याच्या उलट आहे. पहिली प्रत अतिशय महाग, पुढच्या जवळजवळ फुकट. एकदा भांडवल गुंतले की ते वसूल होण्यासाठी प्रेक्षक हजारांनी नव्हे, लाखांनी यावा लागतो. दादर-गिरगावच्या प्रेक्षकापुरती लिहिलेली गोष्ट मग नांदेडला, नागपूरला आणि परदेशातही चालावी अशी करणे भाग पडते.

नाटकाचा चित्रपट होताना जी भर पडते तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. नवी पात्रे येतात, गाणी वाढतात, बाहेरची दृश्ये येतात, खलपुरुष ठळक होतो. समीक्षक याला दिग्दर्शकाची रुची किंवा अरुची म्हणतात. माझ्या मते त्यात गुंतवलेल्या पैशाचा हात अधिक असतो. रूपांतराकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. भर घातली की नाही हा प्रश्न गौण आहे, कारण भर घातली जाणारच. ज्या अडचणीतून मूळ नाटकाची शक्ती उत्पन्न झाली होती ती अडचण चित्रपटाने ओळखली की नाही, हा खरा प्रश्न. रंगमंचाला मर्यादा असतात. पण चांगला नाटककार त्या मर्यादांवर मात करीत नाही, त्यांचाच उपयोग करतो.

गाणे कशासाठी?

संगीत नाटकापासून आरंभ करू. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने जी परंपरा सुरू केली तिच्यात काळ हा रबरासारखा असतो. पद नटाच्या गळ्यावर आणि श्रोत्यांच्या उत्साहावर वाढते. ‘वन्समोअर’ आला की दुष्यंताला किंवा अर्जुनाला कथा थांबवून पुन्हा गावे लागते, आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. चित्रपटाला श्रोत्याची दाद ऐकू येत नाही. त्याचे गाणे चार-पाच मिनिटांत संपते आणि प्रत्येक खेळाला अक्षरशः तेच असते.

असे असूनही पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ या १९६७ सालच्या नाटकाचा सुबोध भावे यांनी २०१५ साली केलेला चित्रपट यशस्वी झाला. नुसता गल्ल्याने नव्हे. शास्त्रीय संगीताशी कधी संबंध न आलेली मुले ती पदे गुणगुणू लागली, हे मी महाविद्यालयाच्या आवारात पाहिले आहे. हे कसे साधले? माझ्या मते कारण नाटकाच्या विषयात आहे. ‘कट्यार’मध्ये गाणे हे बोलण्याचे साधन नाही, गाणे हाच तेथला संघर्ष आहे. दोन घराणी, दोन गवई, दरबारातली स्पर्धा, गुरूच्या विद्येसाठी तळमळणारा शिष्य. नाटकात जितेंद्र अभिषेकींनी एकाच पदाला दोन गायकींत बांधून हा विरोध श्रोत्यांच्या कानांवर घातला होता. येथे पात्रे गातात याचे कारण पात्रे गवई आहेत. कॅमेऱ्याला समजेल असे कारण तेथे आधीच हजर होते.

उलट उदाहरणही त्याच दिग्दर्शकाचे आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ सालचे. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत मिळून केलेल्या त्याच्या ‘संयुक्त’ प्रयोगाची आठवण अजून सांगितली जाते. त्यावरचा भावे यांचा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आला. संगीतकार ‘कट्यार’चेच, शंकर-एहसान-लॉय. पण तो ‘कट्यार’सारखा घराघरांत पोहोचला असे म्हणता येणार नाही. ‘मानापमान’चा धैर्यधर सेनापती आहे, गवई नव्हे. तो गातो ते केवळ संगीत नाटकाच्या संकेतामुळे. हा संकेत मानणारा प्रेक्षक आज कमी राहिला आहे आणि चित्रपटाला तो संकेत नव्याने पटवून द्यावा लागतो.

पाश्चात्त्य संगीत नाटकांचा अनुभव याहून वेगळा नाही. ‘कॅबरे’चा १९७२ साली बॉब फॉसी यांनी चित्रपट केला तेव्हा जवळजवळ सारी गाणी त्यांनी रात्रीच्या करमणूकगृहातील मंचावरच ठेवली, रंगभूमीवर घरात किंवा बाहेर म्हटली जाणारी गाणी वगळली. ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये मुलांना गाणे शिकवणारी स्त्रीच नायिका असल्यामुळे ती अडचण आपोआप दूर झाली. यावरून एक स्थूल नियम मांडता येतो : गाणे जेथे विषय आहे तेथे संगीत नाटक पडद्यावर सहज जाते, गाणे जेथे केवळ भाषा आहे तेथे ते अवघड जाते.

‘कट्यार’च्या यशातही काही मागे राहिले, तेही नोंदवले पाहिजे. रंगमंचावर वसंतराव देशपांडे खाँसाहेब होते आणि गाणारेही तेच होते. अहंकार, असूया आणि ताना एकाच छातीतून येत. चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगावकरांनी रंगवले आणि गायले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे. सदाशिव स्वतः भावे, त्यांचा गळा महेश काळे यांचा, ज्यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. दोन्ही कामे उत्तम झाली, पण ती दोन झाली. ‘माय फेअर लेडी’च्या १९६४ च्या चित्रपटात ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने म्हटली; उलट रंगभूमीवर तीच भूमिका केलेल्या रेक्स हॅरिसनने मात्र आपली गाणी चित्रीकरणाच्या वेळीच प्रत्यक्ष म्हणण्याचा आग्रह धरला. आज तो चित्रपट पाहताना हा फरक जाणवतो. दम लागणे, श्वास घेणे, चुकता चुकता सावरणे हा गायकनटाच्या भूमिकेचाच भाग असतो.

बेलवलकरांचा श्रोता

गद्य नाटकाची अडचण निराळी आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी गणपतराव बेलवलकर उभे केले. या नाटकाचा कणा म्हणजे स्वगते. ती इतकी का परिणाम करतात? बेलवलकर निवृत्त नट आहेत. ते प्रेक्षागृहाकडे तोंड करून बोलू लागले की समोर बसलेले आपण एकाच वेळी दोन भूमिका करतो : आपण लागूंचे प्रेक्षक असतो आणि बेलवलकरांनी आयुष्यभर ज्यांच्यासाठी काम केले ते प्रेक्षकही आपणच असतो. मुलांनी टाकलेला म्हातारा आपल्याकडे दाद मागतो आहे, आणि आपण खुर्चीत नुसते बसलो आहोत, या जाणिवेने मन अस्वस्थ होते.

महेश मांजरेकरांच्या २०१६ सालच्या चित्रपटात नाना पाटेकरांच्या बेलवलकरांसमोर असा प्रेक्षक असणे शक्य नव्हते. चित्रपटगृहात आपण असतो, पण पडद्यावरचा माणूस आपल्याला पाहत नाही. म्हणून तेथे मूळ नाटकात नसलेला रामभाऊ हा मित्र आणला गेला आणि विक्रम गोखले यांनी तो संस्मरणीय केला. अनेकांनी ही भर अनावश्यक मानली. मला ती या चित्रपटातील सर्वांत समंजस गोष्ट वाटते, कारण नटाला श्रोता हवा हे तिने ओळखले. दोन म्हातारे नट एकमेकांसमोर बसतात तेव्हा प्रेक्षागृहाची उणीव काही काळ भरून निघते. रामभाऊ गेल्यानंतर मात्र स्वगतांना कोणाचा आधार उरत नाही. ती पार्श्वसंगीतावर विसंबतात, आणि व्यथा मोठ्या आवाजात सांगितली जाऊ लागते.

बंद दार

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे विजय तेंडुलकरांचे १९६७ सालचे नाटक वाचलेल्यांना त्यातली दाराची कडी आठवत असेल. आरंभी गावातल्या त्या सभागृहात शिरताना लीला बेणारेचे बोट कडीत चेमटते. पुढे खेळातला खटला खरा होतो, बेणारे निघून जाऊ पाहते आणि दार बाहेरून अडकलेले असते. नाटकाला एकच जागा परवडते ही व्यावहारिक मर्यादा तेंडुलकरांनी स्त्रीच्या कोंडीचे रूप म्हणून वापरली. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी गोविंद निहलानींच्या छायाचित्रणात त्याचा चित्रपट केला. बेणारे रंगभूमीवरचीच, सुलभा देशपांडे. चित्रपट फार लोकांनी पाहिला नाही. पण अशा नाटकाला कॅमेरा काय देऊ शकतो हे त्यातून कळते : शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला जो चेहरा कधी दिसला नसता तो हातभर अंतरावर येतो.

हेच सूत्र निहलानींनी पुढे दिग्दर्शक म्हणून पाळले. महेश एलकुंचवारांच्या ‘पार्टी’वरचा त्यांचा १९८४ चा हिंदी चित्रपट बहुतांशी एका घरात, एका संध्याकाळी घडतो. लेखक, नट, समीक्षक, त्यांना पोसणारी प्रतिष्ठित यजमानीण. ज्या अमृतविषयी सगळे बोलत राहतात तो आदिवासींत काम करणारा कवी तेथे नाहीच. दूर जाऊन ते आदिवासी क्षेत्र दाखवण्याचा मोह चित्रपटाला सहज झाला असता. निहलानींनी तो आवरला. अमृत शेवटी क्षणभर दिसतो तो एखाद्या दुःस्वप्नासारखा. कॅमेरा घराबाहेर गेला नाही म्हणूनच त्या घरातली माणसे बाहेर काय चालले आहे याकडे पाठ फिरवून बसली आहेत हे आपल्याला कळते.

एका खोलीची गोष्ट

आता पुन्हा लालबाग-परळकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, हजारो कामगार परत कामावर गेले नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट मोकळी केली, आणि जेथे भोंगे वाजत तेथे पुढे मनोरे उभे राहिले.

जयंत पवारांनी या साऱ्या उलथापालथीवर नाटक लिहिताना चाळीतली एक खोली निवडली. धुरी कुटुंबाची. आई, लेखक होऊ पाहणारा थोरला बाबा, क्रिकेटच्या नादात असलेला मोहन, गुन्हेगारीकडे ओढला गेलेला नरू, आणि बहीण मंजू. गिरणी दिसत नाही, मालक दिसत नाही, पुढारी दिसत नाही. जे काही घडते ते दारातून बातमी होऊन आत येते. खोलीत चालतात ती भांडणे : पैशांवरून, जागेवरून, जुन्या गोष्टींवरून. एका पिढीचा आधार गेला आणि दुसरीला तो मिळालाच नाही, यांच्यामधली ती अवस्था. शीर्षकच ते सांगते.

१९९८ च्या सुमारास मी महाविद्यालयात असताना वडिलांना घेऊन हे नाटक शिवाजी मंदिरात पाहिले. संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. वडील साचेखात्यात होते. संपानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत आणि तेव्हा फोर्टमधल्या एका कचेरीत पहारेकरी होते. मध्यंतरात ते वडा खायला उठले नाहीत. परतताना टिळक पुलावरून हिंदमात्यापर्यंत आम्ही चालत आलो, एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला एवढेच म्हणाले, ‘संपात आपलं दार उघडंच राहिलं होतं वाटतं. सगळं बघून गेलेत.’

‘लालबाग परळ’ आम्ही लालबागमध्येच पाहिला, आजूबाजूला गिरणगावातलीच माणसे. चित्रपटाने खोलीचे दार उघडले आणि कॅमेरा बाहेर गेला : मालकाकडे, पुढाऱ्याकडे, गल्लीतल्या टोळीकडे. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला मान्य केले पाहिजे की यात मिळकत आहे. संप, जमीन आणि पैसा यांचा परस्परसंबंध नाटकातल्या खोलीतून दिसत नव्हता, तो चित्रपटाने दाखवला. बेकार झालेली पोरे टोळ्यांत गेली हेही खोटे नाही. आमच्या चाळीतही तशी नावे होती. सीमा बिस्वास यांची आई तर नाटकातल्या आईची आठवण देणारी होती. तरीही चित्रपटगृहातून बाहेर पडताना वडील म्हणाले, ‘पिक्चर चांगला काढलाय. पण आपल्याकडे पिस्तूल घेऊन कोण आलं होतं? आपल्याकडे कोणीच आलं नव्हतं.’

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. संपाचे जे दुःख आमच्या घरी होते ते वाट पाहण्याचे होते. तडजोड होईल, गिरणी सुरू होईल, कोणीतरी येऊन सांगेल. कोणी आले नाही. नाटकात खोली सोडून कोठे जाता येत नव्हते, म्हणून हे वाट पाहणे प्रेक्षकाच्याही अंगावर येत असे. रंगमंचाची मर्यादा आणि धुरींची अवस्था एकच होती. चित्रपटाला वाट पाहणे परवडत नाही. त्याने दुःखाला कर्ता शोधून दिला, खलपुरुष दिला, गोळी दिली. शीर्षकातला बदलही येथे अर्थपूर्ण आहे : ‘अधांतर’ ही मनुष्याची अवस्था होती, ‘लालबाग परळ’ हा पत्ता आहे.

काय मागावे?

तेव्हा नाटकांवर चित्रपट काढूच नयेत असे म्हणायचे काय? मुळीच नाही. ‘कट्यार’ पडद्यावर आले नसते तर त्यातली पदे आजच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली नसती. मूळ नाटकाशी एकनिष्ठ राहावे हा आग्रहही व्यर्थ आहे. ‘पुंडलिक’ एकनिष्ठच होता. निर्मात्याकडून एकच अपेक्षा करता येईल. नाटक कोणत्या अडचणीत सापडून मोठे झाले याचा त्याने आधी शोध घ्यावा, आणि ती अडचण दूर करण्यात पैसा खर्च करण्यापूर्वी ती राखता येईल काय, हे पाहावे. बंद खोली दाखवायला खर्च कमी लागतो. धैर्य मात्र अधिक लागते, कारण गुंतवणूकदाराला ती खोली कोंदट वाटते.

दुसरी अपेक्षा आपल्याकडूनच आहे. चित्रपटाने नाटकाची जागा घ्यावी असा काही निसर्गनियम नाही. नाटक उपलब्ध नसते म्हणून ती जागा रिकामी होते. महत्त्वाच्या नाटकांचे प्रयोग, नाटक म्हणूनच, नीट चित्रित करून जपले पाहिजेत. ग्रंथालयांत संहिता असल्या पाहिजेत. आणि नाटक करायला जागा असली पाहिजे. परळचे दामोदर नाट्यगृह गिरणगावाच्या हौशी आणि कामगार रंगभूमीचे घर होते. शंभरी गाठलेली ती वास्तू २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाली तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला, तो केवळ एका इमारतीसाठी नव्हता.

यंदा संपाचा विषय येईल तेव्हा मी वर्गात चित्रपटाविषयी काही बोलणार नाही. तो त्यांनी पाहिलेलाच आहे. बाके भिंतीकडे सरकवून चाळीतल्या खोलीएवढी जागा मोकळी करायची आणि ‘अधांतर’चा पहिला अंक मुलांकडून वाचून घ्यायचा, असे ठरवले आहे. जयंत पवार २०२१ साली गेले, माझे वडीलही आता नाहीत. त्या दहा बाय बाराच्या जागेत पाच माणसांनी उभे राहायचे म्हटल्यावर कोणाचा धक्का कोणाला लागतो, एवढे जरी मुलांना कळले तरी त्या तासाचे काम झाले असे मी समजेन.